संघ गाव सोडून गेला, आता सामने कोणासाठी पाहायचे?

प्रश्न: मी १९८३ साली लग्न होऊन डोंबिवलीहून कॅलिफोर्नियात, फ्रेमॉन्टला आले. दिवसभर घरात एकटी असायची, तेव्हा रेडिओवर बिल किंग यांचं बेसबॉलचं समालोचन लावून ठेवायची. खेळ कळायच्या आधी तो आवाज ओळखीचा झाला आणि पुढे ओकलंड ॲथलेटिक्स हा माझा संघ झाला. आता मी ६७ वर्षांची आहे. २०२४ मध्ये संघ ओकलंड सोडून गेला आणि त्याच डिसेंबरात संघाचे लाडके खेळाडू रिकी हेंडरसन गेले. तेव्हापासून सामना लावायला मन घेत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, आता सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सना धर, नाहीतर सोडून दे.’ नऊ वर्षांची नात सॉफ्टबॉल खेळते, पण माझ्यासोबत सामना बघायला बसली की दहा मिनिटांत उठते. मला मोतीबिंदूची सुरुवात आहे, गुडघे दुखतात, रात्री आठव्या इनिंगला डोळा लागतो. कपाटात बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांची तीन खोकी आणि स्कोअरबुकांचा ढीग आहे. हे सगळं चालू ठेवावं की आवरतं घ्यावं?

उत्तर: ताई, आवरतं घेऊ नका. चाळीसहून अधिक वर्षं सामने ऐकून आणि पाहून तुम्हाला खेळ वाचता येऊ लागला आहे. संघ गेला तरी ते ज्ञान तुमच्याजवळच राहिलं. सामने पाहण्याची पद्धत मात्र वयाप्रमाणे बदलावी लागेल, आणि त्यातलं बरंच काही अगदी साध्या उपायांनी जमतं.

आधी संघाचं बोलू, कारण मन तिथे अडलं आहे. ॲथलेटिक्स हा संघ १९०१ ते १९५४ फिलाडेल्फियात होता, १९५५ ते १९६७ कॅन्सस सिटीत, आणि १९६८ पासून ओकलंडमध्ये. म्हणजे तुमच्याआधी दोन शहरांनी हेच सोसलं आहे. ब्रुकलिनचे डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे जायंट्स १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा तिथल्या चाहत्यांची तीन टोळ्यांत विभागणी झाली. काहींनी दूर गेलेल्या संघालाच धरून ठेवलं. काही जण १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेट्स हा नवा संघ आल्यावर त्यांच्याकडे वळले. मेट्सनी रंगही मुद्दाम डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी घेतले होते. उरलेल्यांनी बेसबॉल बघणंच सोडलं. पहिले दोन्ही मार्ग चांगले आहेत. तिसऱ्यात तोटा फक्त पाहणाऱ्याचा होतो, संघाच्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून यंदा कोणाची बाजू घ्यायची हे ठरवूच नका. एक पूर्ण हंगाम बिनसंघाच्या राहा. तीन ठिकाणी एकेकदा जाऊन या आणि सप्टेंबरच्या शेवटी मनाला विचारा.

पहिलं ठिकाण वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्क. लास वेगासचं मैदान तयार होईपर्यंत संघ तिथे खेळतो आहे. मैदान लहान आहे, साधारण चौदा हजार माणसांचं, त्यामुळे खेळाडू ओकलंडच्या कोलिझियमपेक्षा खूप जवळून दिसतात. जायचं तर एप्रिल-मेमधला दुपारचा सामना निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये सॅक्रामेंटोचं ऊन तुमच्या वयाला झेपणारं नाही. फ्रेमॉन्टच्या सेंटरव्हिल स्टेशनवरून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी थेट सॅक्रामेंटोला जाते. तिथून टॉवर ब्रिज ओलांडला की मैदान येतं. चालायला ते अंतर मैलाच्या आसपास आहे, गुडघ्यांसाठी टॅक्सी करा. रात्रीच्या सामन्यानंतर परतीची गाडी मिळेलच असं नाही, म्हणूनही दुपारचाच सामना बरा.

दुसरं, सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क. बार्टच्या गाडीने एम्बार्काडेरोला उतरून म्युनीची एन-ज्युडा ट्राम धरली की मैदानाच्या दाराशी पोहोचता. इथे तुमचा अडसर वेगळा असेल. १९८९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे ॲथलेटिक्स आणि जायंट्समधली अंतिम मालिका, ज्यांनी अनुभवली, १७ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर झालेला भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना जायंट्सची टोपी घालणं जड जाणारच. टोपी घालू नका. तिकीट काढून चांगला पिचर (चेंडू टाकणारा) पाहायला जाणं ही बेइमानी नाही.

तिसरं ठिकाण बहुधा तुम्हाला सगळ्यात जवळचं वाटेल. ओकलंड बॉलर्स हा स्वतंत्र लीगमधला संघ २०२४ पासून वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये खेळतो. दर्जा मेजर लीगचा नाही, चुका जास्त होतात, पिचर वॉक (चार बॉल टाकून बॅटरला फुकट पहिला बेस) जास्त देतात. पण आजूबाजूला बसलेली माणसं तीच असतील, ज्यांच्यासोबत तुम्ही कोलिझियममध्ये ओरडलात. नातीला पहिल्यांदा न्यायला हेच मैदान योग्य, कारण खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात आणि पाचव्या इनिंगला उठून यावं लागलं तरी महाग तिकीट वाया गेल्याची हळहळ होत नाही.

रिकी हेंडरसन यांच्याबद्दल. १,४०६ चोरलेले बेस (फटक्याविना पळत जाऊन गाठलेले), त्यातले १३० एकट्या १९८२ सालचे. यातल्या पहिल्या आकड्याच्या जवळपासही कोणी पोहोचलेलं नाही. त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९५८ चा, म्हणजे ते तुमच्याच वयाचे. आपल्या वयाचा खेळाडू जातो तेव्हा आपल्या तारुण्याचा साक्षीदार जातो, आणि त्याचं दुःख होणं अगदी रास्त आहे. ‘खेळाडूसाठी काय रडायचं’ असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. फक्त एक लक्षात घ्या: रिकी स्वतः ओकलंडकडून चार वेगवेगळ्या कालखंडांत खेळले, मधे यँकीजसह इतर संघांत जाऊन आले, आणि तुमची माया त्यामुळे कमी झाली नाही. त्यांचा मेजर लीगमधला शेवटचा हंगाम २००३ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये निक कर्ट्झ जन्मला. या पोराने २५ जुलै २०२५ ला ॲथलेटिक्सकडून ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन (कुंपणापार फटके) मारले आणि वर्षअखेरीस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. नाव नवं असलं तरी खेळ तुमच्या पसंतीस उतरेल.

रिकींच्या चाहतीसाठी आणखी एक आनंदाची गोष्ट आहे. बेस चोरणं परत आलं आहे. २०२३ पासून बेस १५ इंचांऐवजी १८ इंचांचे झाले, आणि एका बॅटरच्या पाळीत पिचरला धावपटू पकडण्यासाठी दोनदाच हात मोकळा. तिसऱ्यांदा प्रयत्न करून धावपटू बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य चूक, धरला जातो आणि धावपटू फुकट पुढे सरकतो. परिणाम असा की २०२२ मध्ये लीगभरात २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३,५०३. त्यामुळे पिचरने दोनदा पहिल्या बेसकडे फेकून झालं की धावपटूकडे नजर लावा, तो पावलाभराने जास्त पुढे उभा राहू लागलेला दिसेल.

आता डोळ्यांचं. मोतीबिंदूच्या सुरुवातीला रात्रीचे दिवे पसरट दिसतात आणि उंच गेलेला पांढरा चेंडू हरवतो. त्यावरचा उपाय तुम्हाला निम्मा ठाऊक असेल: बॅटचा आवाज झाला की चेंडू शोधू नका, आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला फील्डर) पाहा. तो जागेवर उभा राहून हात वर करतोय तर झेल सोपा आहे. पाठ फिरवून भिंतीकडे धावतोय तर दोन बेसचा फटका. मान वर करून नुसताच चालतोय तर होमरन. धावपटूंकडेही असंच बघा. जमिनीवरच्या फटक्यात पहिल्या बेसमनचा पाय बेसवर कधी टेकला आणि धावपटू कुठे होता, एवढंच पुरतं. तरण्या डोळ्यांची माणसं चेंडूमागे लागतात आणि मैदानावरच्या आठ हालचाली हुकवतात.

दुर्बीण घ्यायची असेल तर सात किंवा आठ पटीची घ्या, ७×३५ किंवा ८×४२. दहा पटीची घेऊ नका. हाताचा बारीकसा कंपही त्यात दहापट होतो, आणि दिसणारा भाग इतका अरुंद होतो की शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडून) पहिल्या बेसकडे जाणारा चेंडू नजरेतून निसटतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना तो धोकादायक असतो, कारण खाली पाहताना नजर जवळच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. लांबचं पाहण्याचा साधा एकनंबरी चष्मा सोबत ठेवा आणि चढ-उतार त्यावर करा.

जागा कोणती घ्यावी? मैदान आखताना होम प्लेटकडून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी नियमपुस्तकात शिफारस आहे. सगळी मैदानं ती पाळत नाहीत, पण जिथे पाळली आहे तिथे दुपारनंतर सूर्य होम प्लेटच्या मागे उतरतो. मग होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते. पहिल्या बेसच्या बाजूला आणि आउटफिल्डमागे बसणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन जातं, जे मोतीबिंदूवाल्यांना अजिबात सोसत नाही. शिवाय जाळीच्या मागेच बसा. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो आणि फाउल होऊन ताशी शंभर मैलांनीही येऊ शकतो; या वयात तो चुकवता येईल असं समजू नये.

गुडघ्यांसाठी जी सोय कायद्यानेच दिली आहे, ती आपली माणसं संकोचाने मागत नाहीत. पायऱ्या चढता येत नसतील तर अमेरिकन अपंगत्व कायद्याखाली सुलभ प्रवेशाच्या जागा घेता येतात. एका सामन्याच्या तिकिटासाठी प्रमाणपत्र मागण्याचा मैदानवाल्यांना अधिकार नाही, त्या भागातल्या इतर जागांपेक्षा जास्त पैसेही घेता येत नाहीत, आणि जागा असतील तर शेजारी तीन सोबत्यांच्या जागा द्याव्या लागतात. व्हीलचेअरच असली पाहिजे असं नाही. संघाच्या तिकीट खिडकीला फोन करून ‘मला पायऱ्या नकोत’ एवढं स्पष्ट सांगा. ऐकू कमी येत असेल तर मैदानात कानाला लावायचं ऐकण्याचं उपकरणही मागितल्यावर मिळतं.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर उन्हाच्या सामन्याआधी डॉक्टरांना विचारा. शरीरातलं पाणी आणि मीठ लवकर कमी होतं आणि उभं राहताना चक्कर येते. सातव्या इनिंगच्या मध्यंतरात सगळे उठतात तेव्हा तुम्ही झटकन उठू नका. बऱ्याच मैदानांवर पारदर्शक पिशवीच चालते, औषधांच्या पिशवीला सूट असते, पण दारावर ती दाखवावी लागते.

झोपेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर आहात आणि आता दुपारी मोकळ्या असणार, हा मोठाच फायदा आहे. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे सातचे सामने तुमच्याकडे दुपारी चारला सुरू होतात. पिचच्या घड्याळामुळे (ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकण्याच्या नियमामुळे) नऊ इनिंगचा सामना २०२२ मध्ये सरासरी तीन तासांच्या वर जायचा, तो २०२३ पासून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. म्हणजे पावणेसातला सामना संपून तुम्ही स्वयंपाकाला मोकळ्या. बिनसंघाच्या हंगामात हे फार सोयीचं आहे. रात्रीचा सामना हवाच असेल तर दिवा मालवून रेडिओ लावा. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकत ज्या पिढीचे कान तयार झाले आणि ज्यांना पुढे बिल किंग लाभले, त्यांना चित्राची गरज कमीच पडते. लीगच्या ॲपवर फक्त आवाजाची वर्गणी घेता येते. ती व्हिडिओपेक्षा खूप स्वस्त असते आणि स्थानिक सामने बंद ठेवण्याचे ब्लॅकआउटचे नियम तिला लागत नाहीत. झोप लागली तर लागू द्या, सकाळी बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) वाचा.

एक नवा नियम माहीत करून घ्या, नाहीतर गोंधळ होईल. २०२६ च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या (पिच ठरलेल्या चौकटीबाहेर की आत) निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. मागायचं ते बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच आणि डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) न पाहता. टोपी किंवा हेल्मेटवर थाप मारली की समजा आव्हान दिलं.

नातीचं कोडं सुटण्यासारखं आहे. दहा मिनिटांत उठते याचा अर्थ तिला खेळ आवडत नाही असा नाही. पडद्यावर काय बघायचं हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि दोन पिचमध्ये काही घडत नाही असं तिला वाटतं. तिला विचारा, ‘तू कुठे खेळतेस?’ ती दुसऱ्या बेसवर खेळत असेल तर एक पूर्ण इनिंग दोघींनी फक्त दुसरा बेसमन पाहायचा. पहिल्या बेसवर धावपटू असेल तर तो किती सरकतो? बेस चोरायचा प्रयत्न झाला तर उजव्या बॅटरसमोर बहुधा तोच बेसवर धावतो, डाव्या बॅटरसमोर शॉर्टस्टॉप. कारण बॅटर ज्या बाजूला चेंडू ओढण्याची शक्यता जास्त, त्या बाजूचा फील्डर जागेवर थांबतो. हे कळलं की ती पुढच्या शनिवारी स्वतःच्या सामन्यात करून बघेल.

मग तिला काउंटचा, म्हणजे बॉल-स्ट्राइकच्या मोजणीचा, खेळ शिकवा. तीन बॉल, एक स्ट्राइक असताना पिचर काय टाकेल? वॉक द्यायची भीती असते म्हणून बहुधा सरळ वेगवान चेंडू. शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना? बाहेर जाणारा किंवा खाली पडणारा, बॅटरला फसवायला. प्रत्येक पिचआधी दोघींनी अंदाज सांगायचा. तिचा अंदाज चुकला तर लगेच दुरुस्त करू नका. आणि ‘रिकी असते तर’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. तिच्या लीगमध्ये बेस साठ फुटांवर आहेत, नव्वदवर नाहीत. दहा वर्षांखालच्या गटात पिचरही पस्तीस फुटांवरून टाकते. त्या खेळात तुम्ही प्रेक्षक आहात, ती जाणकार. पिच खांद्याखालून फिरवून कशी टाकतात हे तिला तुम्हाला समजावू द्या.

स्कोअरबुक तिसऱ्या टप्प्यावर, आणि तेही फक्त तीन इनिंगचं. एक ते नऊ आकडे सॉफ्टबॉलमध्येही तेच: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून ७, ८, ९. मुलांना उलटा के फार आवडतो, बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला त्याची खूण. पूर्ण सामना लिहायला लागली की ताळा शिकवा: एकूण जितके बॅटर आले, तेवढी बेरीज रन, बेसवर अडकलेले आणि आउट यांची व्हायलाच हवी. ३८ बॅटर आले, ४ रन, ७ अडकले, तर आउट २७. जुळलं नाही तर बहुतेक वेळा चूक अडकलेल्यांच्या मोजणीत असते: डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघे बाद) बाद झालेला धावपटू चुकून अडकलेल्यांत धरला जातो.

कपाटाकडे यंदाच्या हंगामातच बघा, पुढे ढकलू नका. कार्डांच्या किमतीबद्दल मुलाच्या किंवा तुमच्या मनात मोठ्या आशा असतील तर आधीच सांगतो, १९८७ ते १९९३ या काळात कार्डं इतकी अफाट छापली गेली की बहुतेकांना आज कागदाची किंमत आहे. टॉप्स कंपनीची १९८७ ची लाकडी कडेची कार्डं, त्यातलं मार्क मॅग्वायर यांचंसुद्धा, घरोघरी आहेत. १९८० च्या टॉप्समधलं रिकींचं पहिलं कार्ड, क्रमांक ४८२, मात्र शोधा. ते सापडलं तर लगेच पातळ बाही आणि त्यावर कडक प्लास्टिकचा टॉपलोडर घाला, बोटं कडेलाच लावा. किंमत पाहायची ती विकल्या गेलेल्या कार्डांची, विक्रेत्यांनी मागितलेली नव्हे. रबरबँड काढून टाका, ते कडा कापतात आणि वितळून चिकटतात. पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम दोन्ही बाद करा, पॉलिप्रॉपिलीन वापरा.

स्कोअरबुकांना बाजारात भाव नाही, पण कुटुंबासाठी खोक्यांपेक्षा तीच मोलाची आहेत. पेन्सिलीने लिहिलेली पानं टिकतात, ग्रॅफाइट उडत नाही. बॉलपेनची शाई फिकी पडते, म्हणून ती पानं आधी स्कॅन करा. मधे ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं काढा, त्यांच्यातलं आम्ल शेजारच्या पानावर पिवळा डाग पाडतं. थर्मल कागदाची जुनी तिकिटं कोरी होतात, त्यांचेही फोटो घ्या. काहीही लॅमिनेट करू नका. गॅरेजमध्ये तर मुळीच ठेवू नका, घराच्या आतल्या कपाटात, आम्लविरहित खोक्यात ठेवा, आणि कोणतं खोकं कोणाला द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून आत टाका.

राहिलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. वर्ल्ड सिरीज नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत संपते आणि हंगामापूर्वीचा वसंत सराव फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. त्या मधल्या महिन्यांत दोन्ही डोळे उरकता येतात: एका डोळ्यानंतर साधारण काही आठवड्यांनी दुसरा, आणि थेंब काही आठवडे चालतात. भिंग निवडताना डॉक्टरांना तुमची गरज नेमकी सांगा: चारशे फुटांवरचा आउटफिल्डर दिसायला हवा, रात्रीच्या दिव्यांखाली बसायचं आहे आणि मांडीवर स्कोअरबुक लिहायचं आहे. अनेक अंतरांच्या भिंगांमध्ये रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याची तक्रार जास्त असते. लांबच्या एकाच अंतराचं भिंग घेतलं तर लिहायला वाचनाचा चष्मा लागेल. तो दोरीला बांधून गळ्यात ठेवता येतो.